युद्ध कुणाचं, आणि निर्णय कुणाचा?

(सावदा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मागच्या रांगेतल्या मंडळींना ऐकू येतंय ना? येईनासं झालं तर हात वर करा. माझा आवाज आता दर अर्ध्या तासाने खाली बसतो.

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, हिटलरची पोलंडवरची स्वारी आणि आपलं सावदा, काय संबंध?" मी म्हटलं, पायी तासाभराचा संबंध आहे. फैजपूरपर्यंत चालत जा, कळेल.

डिसेंबर १९३६मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोसांनी बांबूचे मंडप आणि कमानी उभ्या केल्या, धनाजी नाना चौधरींसारखी इथली माणसं राबली, गांधीजी आले. हे आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो. माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे होते, सावद्याहून मित्रांबरोबर चालत गेले. त्यांना आयुष्यभर आठवत राहिल्या त्या कमानी आणि गर्दी. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू काय बोलले, ते त्यांना कधीच सांगता आलं नाही. आणि नेहरू बोलले होते स्पेनवर! अ‍ॅबिसिनिया, मध्य युरोप, स्पेन. फॅसिझम कसा पुढे सरकतोय आणि इंग्लंडचं सरकार त्याच्याकडे कसा काणाडोळा करतंय, यावर. केळी-कपाशीच्या मुलखात स्पेन. साम्राज्यवादी युद्धात हिंदुस्थानने भाग घ्यायचा नाही, हा लखनौला घेतलेला पवित्रा तिथे पुन्हा ठरावाने पक्का झाला. आणि त्याच मांडवात एक उंचापुरा माणूस वावरत होता, महिन्याभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेला: मानवेंद्रनाथ रॉय.

पावणेतीन वर्षांनी युद्ध आलंच. त्या पहिल्या काळात, म्हणजे १ सप्टेंबर १९३९ला जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या तिथपासून जून १९४०मध्ये फ्रान्स पडेपर्यंत, आपल्या विचार करणाऱ्या माणसांनी काय विचार केला, त्याची आज मला चिकित्सा करायची आहे. इतिहास सांगायला इतिहासाचे लोक आहेत. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, मी युक्तिवाद तपासतो. आणि एक आधीच सांगून टाकतो, यात माझा स्वतःचाही एक हिशेब चुकता करायचा आहे. तो पुढे येईल.

तर ३ सप्टेंबर. इंग्लंड आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर केलं. दिल्लीत विधिमंडळ होतं, प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळं होती, मुंबईत बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. त्या काळी पंतप्रधान म्हणत. कुणाला विचारलं नाही. आता याच्याशेजारी दुसरं चित्र ठेवा. कॅनडा साम्राज्यातलाच. त्याच्या संसदेत चर्चा झाली आणि आठवड्याने, १० सप्टेंबरला, त्याने आपलं युद्ध आपण जाहीर केलं. दक्षिण आफ्रिकेत तर मतदान झालं, ८० विरुद्ध ६७. तटस्थ राहू म्हणणारे पंतप्रधान हर्टझॉग हरले आणि पायउतार झाले. म्हणजे साम्राज्यात राहूनसुद्धा विचारता येत होतं. आपल्याला विचारलं नाही, कारण विचारण्याची गरजच वाटली नाही.

इथे दोन प्रश्न जन्माला येतात, आणि माझं आजचं सगळं म्हणणं या दोन प्रश्नांभोवती आहे. पहिला: हे युद्ध कसलं आहे? कोण कुणाला मारतंय, कोण जिंकलं तर जगाचं काय होईल? दुसरा: आम्हाला त्यात घालण्याचा अधिकार कुणाचा? पहिला प्रश्न युद्धाच्या स्वरूपाचा, दुसरा आपल्या स्वातंत्र्याचा. एकाचं उत्तर दिलं म्हणजे दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या दहा महिन्यांत आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांनी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या कागदावर लिहिलं, असं माझं मत आहे.

आपल्या भाषेत सांगतो. तुमचं शेत सावकाराकडे गहाण आहे. रात्री सावकाराच्या वाड्यावर दरोडा पडतो. दरोडेखोर असे, की वाडा लुटून झाला की गाव पेटवणार. काय कराल? एक म्हणतो, दोघेही लुटारूच, गोधडी ओढून झोपा. दुसरा म्हणतो, आधी माझ्या शेताचे कागद परत दे, मग काठी घेऊन येतो. तिसरा म्हणतो, कागदाचं नंतर बघू, आधी दरोडेखोर हाणा. चौथा सावकारालाच सांगतो, दार उघड, त्यांना हवं ते नेऊ दे, फक्त मनाने शरण जाऊ नकोस.

पहिले कम्युनिस्ट, दुसरी काँग्रेस, तिसरे रॉय, चौथे गांधी. दृष्टान्त आहे, शंभर टक्के लागू होत नाही. एक गोष्ट त्यात सुटलीच: तुम्ही ओसरीवर वाद घालत होतात तेव्हा सावकाराने तुमचे बैल केव्हाच जुंपले होते. डिसेंबर १९३९मध्ये हिंदुस्थानी लष्कराच्या खेचरांच्या चार तुकड्या फ्रान्समध्ये मार्सेल्सला उतरल्या. बहुतेक पंजाबातली माणसं. त्यांतली एक तुकडी पुढे जर्मनांच्या हाती सापडली, बाकीचे डंकर्कच्या किनाऱ्यावरून निघाले, खेचरं मागे टाकून. डंकर्कवर सिनेमे निघाले, ही माणसं त्यांत सापडत नाहीत. असो.

आता काँग्रेसचा कागद. वर्ध्याला कार्यकारिणी बसली आणि १४ सप्टेंबरला ठराव झाला. मसुदा नेहरूंचा. मी तो पुष्कळदा वाचलाय आणि दर वेळी त्याचा दर्जा मला थक्क करतो. फॅसिझम आणि नाझीवादाचा त्यात स्वच्छ निषेध आहे. आणि ब्रिटनला प्रश्न आहे: लोकशाहीसाठी लढता म्हणता, मग तुमची युद्धाची उद्दिष्टं जाहीर करा, ती हिंदुस्थानला लागू आहेत का तेही सांगा. व्हाइसरॉयचं उत्तर १७ ऑक्टोबरला आलं: वसाहतीचं स्वराज्य हे ध्येय आहेच, बाकी युद्ध संपल्यावर बोलू. म्हणजे कागद नंतर. महिनाअखेरीपासून काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊ लागली, नोव्हेंबरच्या सुरुवातीला खेरांचंही गेलं.

ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या विधानसभेत यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी एक तिसराच काटा टोचला. अस्पृश्यांचं हित आणि देशाचं हित यांत विरोध आला तर आपण अस्पृश्यांच्या बाजूला, असं त्यांनी भर सभागृहात सांगितलं. "आम्हाला विचारलं नाही" यातलं "आम्ही" म्हणजे कोण, असा तो प्रश्न. तो आज मी उघडत नाही, त्याला स्वतंत्र व्याख्यान लागेल. पण तो तिथे आहे, हे विसरू नका.

काँग्रेसचा ठराव इतका चांगला, मग अडलं कुठे? माझ्या मते एका व्याख्येपाशी. फैजपूरला नेहरूंनी मांडलेलं सूत्र काय होतं? फॅसिझम आणि साम्राज्यवाद ही एकाच रोगाची दोन रूपं. १९३६ साली ही अंतर्दृष्टी होती! इंग्लंड तेव्हा स्पेनमध्ये तटस्थतेचं सोंग आणत होतं, अ‍ॅबिसिनियाचा घास मुसोलिनीला गिळू देत होतं. १९३८ला म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला. दोन्ही भावंडं खरोखर एकाच ताटात जेवत होती. पण १९३९च्या सप्टेंबरात ती एकमेकांवर गोळ्या झाडायला लागली. सूत्राने ज्याला एक म्हटलं ते जगात दोन झालं. अशा वेळी व्याख्या दुरुस्त करायची की घटना? नेहरूंना हे दिसत होतं, त्यांची तगमग त्या ठरावात आहे. पण पक्षाच्या जिभेवर "साम्राज्यवादी युद्ध" हा शब्द बसला होता तो बसलाच. आम्ही तत्त्वज्ञानवाले या रोगाचे जुने रोगी, म्हणून मला तो लांबून ओळखू येतो.

याला जगाने मदतही केली, ते मान्य केलं पाहिजे. पश्चिमेकडे पहिले सात-आठ महिने जवळजवळ काही घडलंच नाही. फ्रेंच सैन्य सारच्या भागात काही किलोमीटर आत गेलं आणि परत आलं. इंग्रज विमानांनी जर्मनीवर बॉम्बऐवजी पत्रकं टाकली. लोकांनी त्याला लुटुपुटीचं युद्ध म्हटलं. ज्याँ-पॉल सार्त्र, आमच्या धंद्यातला मोठा माणूस, फ्रेंच सैन्याच्या हवामान तुकडीत होता. वाऱ्याची दिशा पाहायला फुगे सोडायचे आणि उरलेला दिवस वह्या भरायच्या. मुंबईत किंवा वर्ध्यात बसलेल्या माणसाने हे पाहून म्हटलं की हे काही लोकशाहीचं युद्ध नव्हे, आतून तडजोड चाललीय, तर त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. चेंबरलेन अजून पंतप्रधान होते, ज्यांनी म्युनिक केलं तेच. पुढे काय घडलं ते आपल्याला माहीत आहे, त्यांना नव्हतं. आपल्या माहितीने त्यांना झोडपणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे.

पण लुटुपुटीचं युद्ध म्हणायला माणूस पश्चिमेकडे तोंड करून बसलेला हवा. पूर्वेकडे लुटुपुटीचं काही नव्हतं. महिन्याच्या आत वॉर्सा पडलं. ६ नोव्हेंबर १९३९ला क्राकोच्या जुन्या विद्यापीठात प्राध्यापकांना एका व्याख्यानाला बोलावलं. विषय: विद्यापीठांबाबत जर्मन सरकारचं धोरण. प्राध्यापक आले, बसले. जर्मन अधिकाऱ्याने दोन-चार वाक्यांत सांगितलं की तुम्हाला अटक केली आहे. १८०हून अधिक माणसं तिथून उचलली, बहुतेकांना साक्सनहाउझनच्या छळछावणीत नेलं. म्हातारे होते त्यांतले कित्येक, माझ्या आजच्या वयाचे. काही तिथेच संपले. जगभर ओरड झाली तेव्हा फेब्रुवारीत बरेचसे सुटले.

व्याख्यानाला बोलावून! मी हे वाचलं त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही. जिंकलेल्या देशाचे विचार करणारे लोक आधी उचलायचे, हे साधं साम्राज्य नव्हे. इंग्रजांनी आपल्याकडे तुरुंग भरले, गोळ्या घातल्या, जालियनवाला केलं. पण धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा गीतेवर प्रवचनं देऊ शकले आणि अमळनेरच्या शाळेतले साने गुरुजी ती उतरवून घेऊ शकले. मी इंग्रजांना प्रशस्तिपत्र देत नाहीये. दोन गोष्टींतला फरक सांगतोय. तो फरक पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तो १९३९च्या हिवाळ्यात, बातम्या येत होत्या तेवढ्यांवरूनही, दिसू शकत होता.

कम्युनिस्टांकडे वळतो, थोडक्यात, कारण त्यांची चूक समजायला सर्वांत सोपी आहे. २ ऑक्टोबर १९३९ला मुंबईत गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. सुमारे नव्वद हजार कामगार. युद्धाच्या विरोधात कामगारांनी केलेला एवढा मोठा संप, तोही इतक्या लवकर. मला त्या कामगारांबद्दल आदरच आहे. पुढच्या मार्चमध्ये महागाई भत्त्यासाठी त्यांनी लांबलचक संप केला, तेव्हा युद्धाची किंमत कुणाच्या पानातून जाते हेही त्यांनीच दाखवलं. पण त्या संपाच्या पंधरा दिवस आधी, १७ सप्टेंबरला, पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये शिरलं होतं. हिटलर आणि स्टालिन यांनी देश वाटून घेतला होता. त्यावर पक्षाची जीभ उचलली नाही. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि काही महिन्यांत हेच युद्ध लोकयुद्ध झालं. मुंबईच्या रस्त्यावर काहीच बदललं नव्हतं, बदललं होतं मॉस्कोत.

याची एक खूण महाराष्ट्राच्या मातीत आहे. रशियाने घेतलेल्या पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४०पासून लाखो माणसं, बायका-पोरांसकट, मालगाड्यांत भरून सैबेरिया आणि मध्य आशियात धाडली गेली. १९४१ला परिस्थिती उलटली, त्यांना सोडलं गेलं. जगले वाचले ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यांतले सुमारे पाच हजार लोक १९४३मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले, मुख्यतः बायका आणि मुलं. पाच वर्षं राहिले. तिथे त्यांची शाळा होती, चर्च होतं. त्या पोरांना मराठी येत होतं म्हणतात. आज कोल्हापुरात त्यांचं स्मारक आहे. म्हणजे १७ सप्टेंबरचा जो अर्थ आपल्या क्रांतिकारकांनी डोळ्याआड केला, तो चार वर्षांनी चालत पंचगंगेच्या काठी आला. तिथे जाल तेव्हा बघा.

आता गांधीजी. यांच्याबाबतीत मला सर्वांत जास्त वेळ हवा होता, पण घड्याळ बघतोय.

युद्ध सुरू होताच गांधी सिमल्याला व्हाइसरॉयना भेटले. लंडनची पार्लमेंट आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी उद्ध्वस्त होईल या कल्पनेने आपल्याला भरून आलं, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं. आपली सहानुभूती इंग्लंड-फ्रान्सच्या बाजूला आहे हेही. पोलंडचे पियानोवादक आणि माजी पंतप्रधान पादेरेव्स्की यांनी त्यांना साकडं घातलं, तेव्हा आपलं मन पोलिश लोकांबरोबर आहे असं त्यांनी कळवलं. बघा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला गांधींना एक आठवडासुद्धा लागला नाही. नेहरूंपेक्षा लवकर आणि सरळ. मग पोलिश लोक तर हत्यारांनी लढले, त्याचं काय? गांधींनी त्यावर म्हटलं की प्रचंड बलाढ्य शत्रूपुढे मूठभरांनी असं उभं राहणं ही जवळजवळ अहिंसाच. पुढे त्यांनी उंदराचा दृष्टान्त दिला: मांजराशी झुंजताना उंदीर दात वापरतो, त्याला तुम्ही हिंसक म्हणाल का?

हा दृष्टान्त मला आवडतो आणि छळतो. आवडतो, कारण अहिंसेचा अर्थ कृतीच्या बाह्य रूपात नसून शक्तीच्या नात्यात आणि मनात आहे, हे त्यातून निघतं. छळतो, कारण जुलै १९४०मध्ये त्याच गांधींनी प्रत्येक इंग्रजाला उद्देशून आवाहन लिहिलं: शस्त्रं खाली ठेवा, हिटलरला तुमचं बेट घेऊ द्या, तुमची घरं घेऊ द्या, आत्मा देऊ नका. अहो, पण जुलै १९४०मध्ये उंदीर कोण होता? फ्रान्स पडला होता. नॉर्वे, डेन्मार्क, हॉलंड, बेल्जियम गेले होते. डंकर्कवरून तीन लाख अडतीस हजार माणसं परत आली ती रणगाडे, तोफा तिकडेच टाकून. पोलिश उंदराला दात माफ आणि इंग्रज उंदराला नाही, हे कशाच्या आधारावर? एक बचाव शक्य आहे. इंग्लंड हा इतर वेळी मांजर असलेला उंदीर होता, आमच्या घरातलं मांजर; शस्त्र टाकणं हे त्याचं प्रायश्चित्त ठरलं असतं. हा बचाव मी वर्गात अनेक वर्षं केला. पण मग तो दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब पहिल्याच्या खात्यावर मांडणं झालं. साम्राज्याचं प्रायश्चित्त हिटलरच्या हातून घ्यायचं नसतं. आणि गांधींच्या युक्तिवादात क्राकोच्या त्या सभागृहाला जागा नाही. शत्रूला मन आहे, ते कधीतरी पाझरेल, हे गृहीतक तिथे लागू होत नव्हतं. त्यांनी जुलै १९३९मध्ये हिटलरला पत्र लिहिलं होतं, सरकारने ते जाऊच दिलं नाही. गेलं असतं तरी काय झालं असतं, तुम्हीच सांगा.

काँग्रेसच्या कार्यकारिणीलाही हे पटलं नाही, आणि जून १९४०मध्ये तिने अदबीने गांधींना त्यांच्या वाटेवर मोकळं केलं. यावर परत येतो.

आता रॉय. आणि माझा हिशेब.

फॅसिझम म्हणजे काय, हे त्या काळच्या हिंदुस्थानी पुढाऱ्यांत रॉय यांना सर्वांत जवळून माहीत होतं. ते बर्लिनमध्ये राहिलेले, तिथल्या डाव्या चळवळीत वावरलेले. १९३८मध्ये त्यांचं फॅसिझमवरचं पुस्तक आलं, त्यात त्यांनी त्याची वैचारिक मुळं खणली. १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडताना ते स्पष्ट म्हणाले: फॅसिझम जिंकला तर स्वातंत्र्याची गोष्टच संपली, म्हणून या युद्धाला बिनशर्त पाठिंबा द्या, आणि या युद्धात साम्राज्यवाद स्वतःच झिजून जाईल. रामगढच्या अध्यक्षपदासाठी ते मौलाना आझादांविरुद्ध उभे राहिले तेव्हा त्यांना १८३ मतं पडली होती. युद्धाला पाठिंबा दिल्यावर तेवढीही उरली नाहीत. वर्षाअखेर ते काँग्रेसबाहेर होते, स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष काढून. आपल्या खानदेशातले, पिंपळनेरला जन्मलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांच्याबरोबर गेले आणि बेचाळीसच्या लढ्यापासून दूर राहिले. इंग्रजांचे हस्तक म्हणून या लोकांनी काय काय ऐकून घेतलं, ते जुन्या मंडळींना विचारा.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका मासिकात लेख लिहिला. त्याचा आशय असा की १९४० साली सगळा देश चुकला आणि एकटे रॉय बरोबर होते. लेख बराच वाचला गेला. तरुण मुलं तो मला अजून दाखवतात, आता मोबाइलवर. आज मी जाहीरपणे सांगतो, तो लेख अर्धवट आहे. रॉय पहिल्या प्रश्नावर बरोबर होते, आणि साम्राज्य झिजेल हे भाकीतही बरंचसं खरं झालं. पण "बिनशर्त" या एका शब्दाने त्यांनी दुसरा प्रश्न पुसून टाकला, आणि मीही त्यांच्यामागे तो पुसला. जणू "आम्हाला विचारलं का?" हा रुसव्याचा प्रश्न होता, मानपानाचा.

तो मानपानाचा नव्हता. १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. वीस ते तीस लाख माणसं मेली असा अंदाज आहे. युद्ध जिंकायला निघालेल्या, पण इथल्या लोकांना उत्तर द्यायला बांधील नसलेल्या सरकारच्या अमलात. ज्याला विचारायची गरज नाही त्याला मोजायचीही गरज वाटत नाही. माझ्या त्या लेखात बंगालचं नाव नव्हतं. शिवाय रॉय यांच्या कामगार संघटनेला सरकारकडून महिना १३,००० रुपये मिळत होते, हे मला लेख लिहिताना माहीत होतं. मी ते तळटीपेतसुद्धा घातलं नाही. रॉय विकले गेले होते असं मी मानत नाही, त्यांचं मत पैशाच्या आधीचं होतं. पण सरकारला शर्त न घालणारा माणूस हळूहळू सरकारच्या हिशेबवहीत जातो, हे त्यातून दिसत होतं आणि मी ते झाकलं. आपला माणूस म्हणून झाकलं.

हे आज का बोलतो? मध्यंतरी मार्क ब्लॉकचं पुस्तक पुन्हा वाचलं. फ्रेंच इतिहासकार. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, सहा मुलांचा बाप, आपण होऊन सैन्यात राहिला, इंधनपुरवठ्याचं काम पाहिलं. पराभवानंतर १९४०च्याच उन्हाळ्यात त्याने बसून लिहिलं की फ्रान्स का हरला. सेनापतींना झोडपलंच, पण शेवटी तो आपल्या पिढीकडे, प्राध्यापकांकडे वळला: आम्हाला दिसत होतं आणि आम्ही आपल्या अभ्यासिकेत बसून राहिलो. पुढे प्रतिकाराच्या लढ्यात तो पकडला गेला, जून १९४४मध्ये जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. माझ्यासमोर तर कुणी बंदूकही धरलेली नाही. एक लेख दुरुस्त करायला तीस वर्षं लागावीत?

मग दोन्ही प्रश्न कुणी एकत्र धरलेच नाहीत का? धरले. इथे मी त्या परत येण्याच्या जागी येतो. गांधींना मोकळं केल्यावर, जुलै १९४०च्या अखेरीस, काँग्रेसची महासमिती पुण्याला भरली. राजाजींचा पुढाकार. ठराव असा: स्वातंत्र्याचा हक्क मान्य करा, केंद्रात तात्पुरतं राष्ट्रीय सरकार येऊ द्या, आणि आम्ही देशाच्या संरक्षणात पूर्ण ताकदीने उतरतो. म्हणजे दरोडेखोराविरुद्ध काठी उचलतो, पण बैल माझे मी जुंपणार. अहिंसेचं व्रत बाजूला ठेवायला काँग्रेस तयार झाली, गांधींना दुखवून. केवढी मोठी गोष्ट! त्या काळातला माझ्या मते सर्वांत प्रौढ कागद हा, आणि तो पुण्यात झाला. आम्हा मराठी माणसांना पुण्यात काय काय झालं याची यादी तोंडपाठ असते, त्यात हा ठराव नसतो. कारण तो फसला. ८ ऑगस्टला व्हाइसरॉयचं उत्तर आलं: सल्लागार मंडळ घ्या, घटनेचं युद्धानंतर पाहू. चर्चिल पंतप्रधान होते. हिटलरपुढे न झुकणारा माणूस आणि हिंदुस्थानला काही न देणारा माणूस, एकच माणूस. दोन प्रश्न वेगळे आहेत याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

त्यानंतर १७ ऑक्टोबरला पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला: या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका. पुण्याचं दार बंद झाल्यावर उरलेली ती वाट होती. ती मला समजते. पण जुलैत जे शक्य होतं ते ऑक्टोबरात शक्य राहिलं नव्हतं, आणि याचा दोष मी विनोबांना देत नाही, दिल्लीला आणि लंडनला देतो.

तुमच्यापैकी कुणीतरी आता विचारणारच, सर, तुम्ही तेव्हा असता तर काय केलं असतं? एप्रिलपर्यंत मी काँग्रेसबरोबर असतो. जूनमध्ये रॉय वाचून माझी झोप उडाली असती. जुलैत पुण्याच्या ठरावाला हात वर केला असता. ८ ऑगस्टनंतर काय केलं असतं, हे मला खरंच ठरवता येत नाही. पूर्वी येत होतं.

माझे वडील १९४०मध्ये अठरा वर्षांचे होते. त्यांना मी एकदा विचारलं, पॅरिस पडलं तेव्हा इथे काय बोलणं चालायचं? म्हणाले, परदेशी जाणाऱ्या कपाशीचं आता काय होणार, हेच. मग जरा थांबून म्हणाले, आणि फैजपूरला नेहरू काय बोलले होते ते तेव्हा कुणी समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पाणी द्या जरा. आता प्रश्न घेऊ.